वाद्य बनवायचं सॉफ्टवेअर निवडताना किमतीच्या आधी हे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉम्प्युटरवरच्या संगीताबद्दल मोठा लेख आला होता. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर, तयार आवाजांच्या लायब्ररी, माइक कुठला घ्यावा वगैरे माहिती चांगली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटी एक चौकट होती, ज्यांना स्वतःचं वाद्य बनवायचंय त्यांच्यासाठी, आणि त्यात चार मॉड्युलर सॉफ्टवेअरची नावं आणि पुढे किमती एवढंच दिलं होतं, आणि वाचून असं वाटत होतं की महाग आहे ते प्रोफेशनल लोकांचं आणि फुकट आहे ते शिकाऊ पोरांचं. ती चौकट कापून माझ्याकडे दोन मुलं घेऊन आली म्हणून हे पत्र लिहितोय. माझं म्हणणं असं की किंमत बघायच्या आधी दोन गोष्टी ठरवा, तुम्हाला नेमकं कुठलं वाद्य बनवायचंय आणि ते बिघडलं तर उद्या तुमच्याशिवाय दुसरं कोण ते उघडून दुरुस्त करू शकेल. या दोन गोष्टींवरून सॉफ्टवेअर ठरतं, आणि आपल्या कोकणातल्या बहुतेक मुलांसाठी ते प्युअर डेटासारखं फुकटवालंच ठरतं, आणि ते फुकट आहे म्हणून नव्हे.

मी सावंतवाडीकडचा. पेटी वाजवतो, भजनात कायम आणि गरज लागली तर दशावतारात पायपेटीवरही बसतो, पोटापाण्याला अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड रिपेअर करतो. संध्याकाळी दुकानात आयटीआय-डिप्लोमाची मुलं येऊन बसतात, सोल्डरिंग शिकतात, आणि त्यातल्या काहींना आता हा वाद्यं बनवायचा नाद लागलाय, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "काका, कुठलं इन्स्टॉल करू?"

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाजारातल्या कीबोर्डमध्ये कंपनीने आवाज भरून दिलेले असतात, तुम्ही बटण दाबायचं. मॉड्युलर सॉफ्टवेअरमध्ये आवाज नसतोच, आवाज बनवायचे सुटे भाग असतात. एक भाग लहर काढतो (ऑसिलेटर), एक तिच्यातला कर्कशपणा कापतो (फिल्टर), एक आवाज चढवतो-उतरवतो (एन्व्हलप), एक तोच आवाज थोड्या वेळाने परत देतो (डिले), आणि हे सगळं स्क्रीनवर वायरीने जोडायचं, जशी जोडणी तसं वाद्य. ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज नावाच्या इंजिनिअरने १९५७ मध्ये आयबीएमच्या कॉम्प्युटरकडून १७ सेकंदांचं संगीत काढून घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत आवाजाचे असे सुटे भाग जोडायची पद्धत त्यानेच आणली. मग १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम संस्थेत मिलर पकेट यांनी वायरीने जोडायचा प्रोग्राम लिहिला, त्याला मॅथ्यूजच्या मानाने मॅक्स हे नाव दिलं गेलं. तो पुढे कंपनीकडे जाऊन विकत मिळायला लागला. आणि याच पकेट यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रोफेसर असताना प्युअर डेटा हा दुसरा प्रोग्राम नव्याने लिहिला आणि सोर्स कोडसकट सगळ्यांना फुकट देऊन टाकला. म्हणजे तुमच्या चौकटीतला सगळ्यात महागातला एक आणि पूर्ण फुकटातला एक हे दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आलेत. मग एक प्रोफेशनल आणि दुसरा शिकाऊ हे कसं काय?

आता घुमटाचं उदाहरण घेतो, कारण आमच्या दुकानात सगळ्यात जास्त चर्चा त्याच्यावरच झाली.

गोव्याला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात गणपतीत घुमट आरती असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंड, मोठ्या तोंडावर चामडं आणि लहान तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर, आणि डावा हात त्या लहान तोंडावर, तो झाकत-उघडत राहायचा, आणि घुमटाची सगळी गंमत त्या डाव्या हातात आहे, आवाज दाबला जातो, सुटतो, वाकतो. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावायचे, पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे त्यामुळे ते बंद, आणि ते योग्यच, आता बकऱ्याचं लावतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पण अडचण अशी की गणपती येतात भर पावसात, हवेत एवढा दमटपणा की चामडं सैल पडतं, सारखं शेकत बसावं लागतं, आणि शाळेच्या पोरांच्या हातात शिकायला चांगलं घुमट द्यायचं तर ते फुटायची भीती. म्हणून एका मुलाने ठरवलं की कॉम्प्युटरवर शिकाऊ घुमट करायचं.

पहिली सूचना सगळे जी करतात तीच आली, चांगल्या घुमटाचे ठोके रेकॉर्ड करू आणि बटणाला लावू. त्याने आवाज हुबेहूब येतो पण तो एकच ठोका परत परत तसाच्या तसा येतो, आणि डावा हात कुठाय? रेकॉर्डिंगला डावा हात नसतो. म्हणून मग आवाज मुळापासून बनवायला घेतला, प्युअर डेटामध्ये. गोल ताणलेल्या पडद्यावर ठोका मारला की त्यातून एक सूर निघत नाही, बरेच निघतात. मूळ सूर १ धरला तर वरचे साधारण १.५९, २.१४, २.३०, २.६५ असे येतात, पूर्णांकात नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा सूर ओळखू येत नाही. पखवाज-तबल्याला मधे शाई भरून आपल्या लोकांनी हेच वरचे सूर जवळजवळ पूर्णांकात आणून बसवले, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलंय, तबला गातो तो त्या शाईमुळे. घुमटाला शाई नाही. म्हणून या मुलाने वरचे आकडे सुरुवातीला धरले, पाच बँडपास फिल्टर लावले, म्हणजे एका ठरावीक सुराच्या आसपासचंच जाऊ देणारे, त्यांना नॉइजचा म्हणजे नुसत्या खरखरीचा एक बारीकसा फटका दिला, आणि खऱ्या घुमटाच्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्यात कुठले सूर किती आहेत याचा आलेख, बाजूला उघडून एकेक आकडा कानाने सरकवत नेला. मग भांड्यातल्या हवेसाठी सहावा फिल्टर. तोंड उघडं असलं की हवेचा सूर वर, झाकलं की खाली, हा साधा नियम आहे. त्या सहाव्या फिल्टरची फ्रिक्वेन्सी त्याने एका फुटक्या घुमटाच्या लहान तोंडात बसवलेल्या एलडीआरवरून घेतली, म्हणजे प्रकाशावर चालणारा सेन्सर, अगदी किरकोळ किमतीचा, आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डामधून कॉम्प्युटरला जोडलेला. डावा हात तोंडावर ठेवला की अंधार, अंधार झाला की सूर खाली. पहिल्यांदा तो आवाज वाकला तेव्हा दुकानातला चहावाला पण कप ठेवून ऐकत थांबला होता.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण निवडीचा मुद्दा इथेच आहे. हेच घुमट व्हीसीव्ही रॅकमध्येही करून बघितलं. रॅक २०१७ मध्ये अँड्र्यू बेल्ट यांनी आणलं, तेही ओपन सोर्स आहे, दिसायला सुंदर, खरोखरच्या मॉड्युलर सिंथसारखी पॅनल, रंगीत केबल्स, आणि त्याच्या लायब्ररीत हजारांनी मॉड्युल आहेत, त्यातली खूप फुकट. तिथे रेझोनेटर म्हणून तयार मॉड्युल मिळतं, ठोका दिला की पाच मिनिटांत काय सुरेख आवाज येतो, काच, घंटा, तार, पाहिजे ते. पण त्यातले वरचे सूर एकमेकांपासून किती लांब ठेवायचे हे तुम्ही आकड्यात सांगू शकत नाही, त्यासाठी एक नॉब आहे, तो फिरवला की सगळे एकदम सरकतात. मॉड्युल करणाऱ्याने जे रस्ते ठरवले त्यावरूनच जायचं. आत शिरायचं तर सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा यायला पाहिजे. सोर्स उघडा आहे हे मान्य, पण आयटीआयच्या मुलासाठी तो उघडा असून काय उपयोग. प्युअर डेटामध्ये मात्र घुमटाच्या बॉक्सवर क्लिक केलं की आत पाच फिल्टर दिसतात, त्यांचे आकडे दिसतात, तो मुलगा उद्या नोकरीला पुण्याला गेला तरी त्याचा धाकटा भाऊ ते उघडून बदलू शकतो. पेटीचं झाकण काढून सूर घासून मिळवतो तसंच आहे ते.

मग रॅक वाईट का? अजिबात नाही. ज्याला कान तयार करायचाय, फिल्टर म्हणजे काय, एन्व्हलप म्हणजे काय हे हाताने शिकायचंय त्याला मी रॅकच देतो. प्युअर डेटाचा पहिला स्क्रीन म्हणजे कोरा पांढरा कागद, नवीन मुलगा तिथे घाबरतो, आणि ही प्युअर डेटाची खरी उणीव आहे. रॅकला मात्र ग्राफिक्स बऱ्यापैकी लागतात, आमच्याकडे जे सेकंडहँड लॅपटॉप येतात त्यावर पंधरा-वीस मॉड्युल झाले की पंखा ओरडायला लागतो आणि आवाज तुटतो. शिवाय फुकटचं रॅक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत प्लगिन म्हणून चालत नाही, त्याला पैसे देऊन प्रो आवृत्ती घ्यावी लागते. त्यावर उपाय म्हणजे कार्डिनल, रॅकवरूनच बनवलंय, फुकट आहे, प्लगिन म्हणून चालतं आणि सगळी मॉड्युल आतच भरलेली असतात त्यामुळे एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. तुमच्या चौकटीत कार्डिनलचं नावच नव्हतं. तसंच प्युअर डेटाला नीट कपडे घातलेलं रूप म्हणजे प्लगडेटा, तेही फुकट, तेही प्लगिन म्हणून चालतं, नवीन मुलाला मी आता थेट प्लगडेटाच देतो.

दुसरा मुद्दा सुराचा, आणि पेटीवाला म्हणून हा मला जास्त जवळचा आहे.

कीबोर्डच्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर लावलेल्या असतात, म्हणून शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर येतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट). तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर आहे. चौदा सेंट म्हणजे काय मोठं, असं कागदावर वाटतं. काळी एकचा सा घ्या, साधारण २७७ हर्ट्झ. त्याच्यावर कीबोर्डचा गंधार ३४९ च्या आसपास आणि खरा गंधार त्याच्या खाली, ३४६.५ ला. दोन्ही सूर धरून ठेवले तर सा मधून निघणारा पाचपट सूर आणि गंधारातून निघणारा चौपट सूर एकमेकांवर बसायला पाहिजेत, कीबोर्डवर ते बसत नाहीत, त्यांच्यात अकरा हर्ट्झचा फरक पडतो आणि सेकंदाला अकरा वेळा थरथर ऐकू येते. गंधार खऱ्या जागी आणला की ती थरथर थांबते, सूर एकदम स्थिर होतो. मी हे मुलांना प्युअर डेटात दोन ऑसिलेटर आणि एक स्लायडर लावून ऐकवतो, आणि ज्यांनी कधी गाणं शिकलेलं नाही त्यांनाही ते ऐकू येतं. आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती ती १९७१ पर्यंत उठली नाही, त्यामागच्या कारणांमध्ये हे सुरांचं कारण होतंच. आपल्याकडे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमाराला श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून दाखवली, म्हणजे ही धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आता हे काम बारा आकड्यांच्या एका तक्त्यात होतं.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न विचारा, मला गंधार माझ्या जागी सहज ठेवता येतो का? प्युअर डेटा आणि मॅक्समध्ये फ्रिक्वेन्सी थेट हर्ट्झमध्ये लिहिता येते, सा ला पाच भागिले चारने गुणलं की झाला गंधार, काही अडचणच नाही. रॅकमध्ये सगळं व्होल्टमध्ये चालतं, एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणून कीबोर्डचा गंधार ०.३३३ व्होल्टला पडतो आणि आपल्याला पाहिजे ०.३२२, ते करता येतं पण त्यासाठी योग्य मॉड्युल शोधून मधे बसवावं लागतं. तयार सिंथ प्लगिनमध्ये तर बऱ्याचदा सोयच नसते. आणि मींड? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं ते मिडीच्या (कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या भाषेच्या) पिच बेंडवर, म्हणजे सूर वाकवायच्या चाकावर, भागवतात लोक, पण पिच बेंड साधारणपणे दोन पट्ट्यांपुरतं लावलेलं असतं आणि ते सगळ्या सुरांना एकदम वाकवतं. स्वतःच्या पॅचमध्ये, म्हणजे वायरींनी केलेल्या जोडणीत, मींड ही एक रेघ असते, इथून तिथे, एवढ्या वेळात, आणि ती रेघ सरळ ठेवायची की वाकडी हेही तुम्हीच ठरवता.

आता जिथे प्युअर डेटा कमी पडतो तेही सांगायला पाहिजे नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तारेचं वाद्य करायचं असेल, समजा तंबोरा, तर सगळ्यात सोपी रीत कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली आहे. नॉइजचा एक छोटा तुकडा डिलेमध्ये टाकायचा, बाहेर आला की थोडा मऊ करून परत आत, असं फिरवत राहायचं, कानाला छेडलेली तार ऐकू येते, पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. डिलेची लांबी म्हणजे तारेची लांबी. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४१०० बारीक तुकडे करतो, एकेक तुकडा म्हणजे सॅम्पल, आणि काळी एकच्या खर्जासाठी ही लांबी ३१८ सॅम्पलच्या आसपास येते. पण प्युअर डेटा आवाज ६४ सॅम्पलच्या गठ्ठ्याने करतो, त्यामुळे फिरवलेला डिले ६४ पेक्षा लहान करता येत नाही, म्हणजे ६८९ हर्ट्झच्या वरची तार नेहमीच्या पद्धतीने होतच नाही. त्यासाठी आतल्या पॅचचा गठ्ठा एक सॅम्पलचा करावा लागतो, ते जमतं पण कॉम्प्युटरवर भार पडतो, आणि नवीन मुलाला हे कुणी सांगितलं नाही तर तो दिवसभर डोकं धरून बसतो की वरचा सूर का लागत नाही. रॅक मुळातच एकेक सॅम्पल करून चालतं, तिथे हा प्रश्न नाही. मॅक्समध्ये जेन म्हणून वेगळा भाग आहे, रिॲक्टर या दुसऱ्या विकतच्या प्रोग्राममध्ये कोअर आहे, दोन्हीकडे एका सॅम्पलचा फीडबॅक मिळतो. ज्याला तारा, बासरी, सनई अशी आतल्या आत आवाज फिरवणारी वाद्यंच करायची आहेत त्याने हा मुद्दा वजनात धरावा. तंबोऱ्याची जवारी हा तर त्याच्याही पुढचा विषय, घोडीवर तार घासत उठते आणि वरचे सूर जागे होतात, रामन यांनी १९२१ मध्ये त्यावरही लिहिलंय, आमच्याकडे अजून कुणाला ती समाधानकारक जमलेली नाही.

मॅक्सबद्दल बोलायचं तर त्याचे हेल्प पेज आणि धडे सगळ्यांत उत्तम आहेत. एबलटन कंपनीने २०१७ मध्ये मॅक्सची कंपनी विकत घेतली, त्यामुळे त्यांचं एबलटन लाइव्ह हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ते घरचंच झालंय. पण लायसन्स काही शे डॉलरचं आहे. आणि एक गोष्ट तुमच्या लेखात नव्हती, लायसन्स नसलं तरी मॅक्समध्ये दुसऱ्याने केलेला पॅच उघडून चालवता येतो, फक्त सेव्ह होत नाही. म्हणजे एकाकडे लायसन्स असेल तर बाकीचे वाजवू शकतात, पण दुरुस्ती पुन्हा त्या एकाकडेच. रिॲक्टर बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं, १९९६ च्या जनरेटर नावाच्या प्रोग्रामपासून चालत आलेलं, आवाजाचा दर्जा अप्रतिम, लोकांनी केलेल्या वाद्यांचा साठा प्रचंड. पण त्यात केलेलं वाद्य रिॲक्टरमध्येच उघडतं, लिनक्सवर चालत नाही, वेगळं प्लगिन म्हणून बाहेर काढता येत नाही. मुंबईत स्टुडिओ असलेल्या माणसाला याने काही फरक पडत नाही, गावातल्या भजनी मंडळाला पडतो. बिस्पोक सिंथ पण बघा, २०२१ मध्ये आलं, फुकट आहे, ताल आणि लूप यांच्याशी खेळायला मजेदार आहे, पण मूळ आवाज घडवायला मी त्याच्याकडे जात नाही.

आणि ज्यांना वायरी नकोत, लिहून करायला आवडतं, अशी कोडिंगवाली मुलं असतात, त्यांनी सीसाउंड, सुपरकोलायडर किंवा फाउस्ट घ्यावं. सीसाउंड १९८६ पासून आहे आणि तेव्हाच्या फाइल्स आजही चालाव्यात याची त्याच्या लोकांनी काळजी घेतलीय. फाउस्टमध्ये एकदा लिहिलं की तेच प्लगिन होतं, तेच मोबाईलवर जातं, तेच छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर जातं. इंजिनिअरिंगच्या मुलांना मी फाउस्ट सुचवतो.

आता नेट आणि लायटीचं. मुंबई-पुण्याच्या लेखकांना हा मुद्दा सुचत नाही, त्यांना दोष नाही, पण इथे तो पहिला येतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे गावंच्या गावं किती दिवस अंधारात होती ते सगळ्यांना आठवत असेल, पुढच्याच वर्षी तौक्ते आलं. वादळ नसलं तरी पावसात नेट असून नसल्यासारखं. माझ्याकडे एका कीबोर्ड वाजवणाऱ्याचा लॅपटॉप आला होता, हार्ड डिस्क बदलून दिली, आणि त्याच्या विकत घेतलेल्या एका प्रोग्रामने त्याला नवीन मशीन समजून परत ऑनलाइन नोंदणी मागितली, कार्यक्रम त्याच रात्री वेंगुर्ल्याला, रेंज नाही, आणि पैसे भरलेला माणूस तसाच बसून राहिला. प्युअर डेटाची फाइल साधी टेक्स्ट फाइल असते, काही केबीची, पेन ड्राइव्हवर जाते, व्हॉट्सअॅपवर जाते, अगदी वेळ आली तर नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते आणि बदलता येते. प्रोग्रामही लहानसा, जुन्या विंडोजच्या मशीनवर चालतो, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतो, कुणाची परवानगी मागत नाही.

स्टेजवर नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण याच्यामुळे लोक सॉफ्टवेअरला उगाच नावं ठेवतात. ब्लूटूथ स्पीकर लावू नका, त्यात शंभर मिलिसेकंदांच्या वर उशीर सहज होतो, हात आता आणि आवाज नंतर. वायर लावा, शक्यतो साधं का होईना यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, विंडोजवर एसिओ ड्रायव्हर टाका, बफर (एका वेळी करायचा आवाजाचा गठ्ठा) २५६ सॅम्पलचा ठेवा, म्हणजे सेकंदाला ४८००० सॅम्पल धरले तर साधारण सव्वापाच मिलिसेकंद, एवढ्या वेळात आवाज हवेत दोन मीटरही जात नाही, हाताला काही जाणवत नाही. दशावतारात पायपेटीवाल्याची नजर नटाच्या पायावर असते, पाय पडला की सूर, तिथे उशीर झालेला चालत नाही.

आमच्या मंडळातले एक जाणते बुवा हे सगळं ऐकून म्हणाले, "ह्यो पेटयेचो आवाज नाय, ह्यो मशिनीचो आवाज." त्यांचं बरोबर आहे आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. दशावतारातली पायपेटी काढून तिथे लॅपटॉप ठेवावा असं मला स्वप्नातही वाटत नाही, डबलबारीत पखवाजाच्या जागी पॅड आलेलं मला बघवत नाही. तयार कीबोर्ड आणि पॅड ऑर्केस्ट्रात, शिमग्यात, वरातीत कधीच शिरलेत आणि त्यांच्यात भरलेले आवाज आपले नाहीत, आपल्या सुरात नाहीत, त्यांना डावा हात नाही. ते बदलायचं असेल तर आवाज घडवायचं काम आपल्या पोरांच्या हातात यायला पाहिजे, आणि ते घुमटवाल्याकडे, पेटीवाल्याकडे बसून यायला पाहिजे. त्या फुटक्या घुमटात सेन्सर बसवताना तो मुलगा एका म्हाताऱ्या घुमटवाल्याकडे रोज संध्याकाळी जायचा, डावा हात नेमका किती उघडायचा ते बघायला, आणि आज तो खरं घुमटही बऱ्यापैकी वाजवतो.

म्हणून संपादकसाहेब, दोन विनंत्या. पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा किमतीच्या शेजारी एवढं द्या: फाइल दुसरीकडे उघडते का, नेटशिवाय चालतं का, सूर हव्या त्या जागी ठेवता येतात का, आणि वाद्याच्या आत शिरता येतं का. आणि आपल्या जिल्हा आवृत्तीतून कॉलेजांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांच्या मागे लागा, त्यांच्या कॉम्प्युटर रूममध्ये जी जुनी मशीन धूळ खात पडलीत त्यावर प्लगडेटा आणि कार्डिनल टाकून ठेवायला. दोन्हीला एक पैसा लागत नाही, इन्स्टॉल करायला कुणी नसेल तर आमच्याकडची मुलं पेन ड्राइव्ह घेऊन येतील, सावंतवाडी ते कणकवली कुठेही, फक्त गणपतीचे दिवस सोडून, तेव्हा आम्ही सगळे आरतीला असतो.

आपला,
एक पेटीवादक वाचक
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग